मुके गिऱ्हाईक

आमच्या भाच्याला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा नातेवाईक समाचाराला यावे तसे येऊन गेले. ‘माणसांचा नाही तर नाही, गुरांचा तरी डॉक्टर होईल!’ कॉलेज १८८६ सालचे, कोर्स साडेपाच वर्षांचा, म्हणजे एम.बी.बी.एस.इतकाच. पण आमच्या घराण्यात परंपरा मोजतात ती फक्त लोणच्याची!

पहिल्या वर्षी मुख्यतः हाडे आणि आतडी. बरगड्यांच्या जोड्या घोड्याला अठरा, गाईला तेरा. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत. घोड्याला पित्ताशय नाही. आमच्या साहेबांना बहुधा दोन असावीत. गाईच्या पोटाला कप्पे चार. आमच्या शाखेतही काउंटर चारच, आणि प्रत्येक अर्जाचे रवंथ होते. फरक एवढाच, की गाईला शेवटी पचते.

“हे घोकून काय होणार रे?” मी विचारले.

“मामा, तुमचं गिऱ्हाईक भांडतं तरी. आमचं बोलतच नाही. कुठं दुखतंय हे कळायला आधी निरोगी जनावर हाताला ओळखीचं व्हावं लागतं.”

आता आली का पंचाईत! आमच्या लेजरात गाय म्हणजे कर्जाची एक रक्कम आणि कानातला बिल्ला. ती मेली की आम्ही लाल शाईने एक ओळ लिहितो. तिकडे एका घराचे दूध, मुलांची फी आणि झोप एकदमच जाते. ती ओळ लिहायची पाळी येऊ नये, म्हणून हा पोरगा बरगड्या मोजतोय.

परवा सरावासाठी त्याने माझ्याही मोजल्या. बारा जोड्या. “मामा, तुम्ही नॉर्मल आहात.”

वीस वर्षांच्या नोकरीत असा शेरा पहिल्यांदाच मिळाला!