ओळख ना पाळख

‘ओळखीचा चोर जीवे न सोडी’ ही म्हण आत्याच्या तोंडात इतकी बसलेली होती, की तिच्यातलं मारणं आम्हाला कधी ऐकूच आलं नाही. दुधात पाणी लागलं की हीच म्हण, सोनारानं घडणावळ जास्त लावली की हीच. तिचा खरा रोख असायचा भाऊबंदांवर. तिच्या वाट्याची कलमं सातबाऱ्यावरून इतक्या अलगद उतरली होती, की उतरवणारे त्यानंतरही गणपतीत आरतीला तिच्या शेजारी उभे असत. तिच्या लेखी या म्हणीत मरण नव्हतंच, नातं होतं.

पण म्हणीचा मूळ हिशेब कोरडा आहे. तुम्ही चोराला ओळखलंत, म्हणजे उद्या तुम्ही साक्षीदार. अनोळखी चोर ऐवज घेऊन निघून जातो, ओळखीच्याला तुम्हाला मागं ठेवून जाणं परवडत नाही. तोंडाला फडकं बांधून येणारा दरोडेखोर त्यातल्या त्यात दयाळूच म्हणायचा. निदान आपल्याला जिवंत सोडायचा त्याचा विचार असतो. इथवर म्हण नीट चालते. हल्ली मी ती उलटी करून बघतो आणि तिथं ती अडते. ओळखीनं चोर क्रूर होत असेल, तर ओळख नसल्यानं माणूस भला होतो का? पुन्हा तोंड दिसणार नाही म्हणून एखादा लुटतो, तसा पुन्हा तोंड दिसणार नाही म्हणूनच एखादा देतो का?

मी कोल्हापूरला शिकत होतो आणि घर आंबा घाटाखाली, साखरप्याच्या बाजूला. शेवटची एसटी चुकली की मलकापूरच्या पुढं रस्त्यावर उभं राहायचं आणि हात करायचा. एवढंच तंत्र. कोकणातून चिरा, मासळी आणि मोसमात आंब्याच्या पेट्या वर यायच्या. खाली जायचा तो गूळ, कांदा, सिमेंट. रिकामी परतणारी गाडी लवकर थांबते, भरलेली चढावर थांबत नाही, हे दोनतीन फेऱ्यांत कळायचं. मासळीचा टेम्पो मात्र उतारावरसुद्धा थांबायचा. त्याच्यात कुणी सहसा बसत नसे म्हणून असेल. घरी गेल्यावर आई नाकाला पदर लावायची आणि विचारायची, ‘आज कोणती मिळाली, सुरमई की बांगडा?’

केबिनमध्ये चढल्यावर ड्रायव्हरची पहिली अट ठरलेली. ‘झोपायचं न्हाई बघ. बोलत ऱ्हायचं.’ क्लीनर मागं मुटकुळं करून घोरत असायचा आणि ड्रायव्हरला घाटात जागं ठेवणारं कुणी तरी हवं असायचं. मी काय वाटेल ते बोलायचो. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकापासून गावच्या जत्रेतल्या नमनापर्यंत. एकदा तर एकाला मी पाठ केलेल्या सनावळ्या ऐकवल्या आणि तो प्रत्येक सनाला ‘बरं’ म्हणत राहिला. हा उपकार होता की व्यवहार? काही जण उतरताना एसटीच्या तिकिटाएवढे पैसे घ्यायचे. त्यातलाच एक पैसे घेऊन वर चहा आणि भजी खाऊ घालायचा. दुसरा एक दमडी घ्यायचा नाही, पण गाडी गरम झाली की मलाच कळशी घेऊन झऱ्यावर पाठवायचा आणि चाकामागं दगडही मीच लावायचा. दोघांत भला कोण, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आता तर दोघांचे चेहरेसुद्धा नीट वेगळे करता येत नाहीत. आठवतात ते काचेवर डकवलेले देव, घाटाच्या वळणावर शिळी होत गेलेली अगरबत्ती आणि स्टिअरिंगवरचे हात.

नाव मला कुणी विचारलं नाही, हे मी अनेक वर्षं कौतुकानं सांगत आलो. ते खरं आहे, पण अर्धंच. नाव विचारत नसत, आडनाव विचारत. ‘कुठला?’ झालं की ‘कुणापैकी?’ मग आडनाव. ते ऐकून कुणी मला वाटेत उतरवलं नाही. पण माझं आडनाव उतरवण्यासारखं नव्हतंच. म्हणजे मी ज्याला परक्याचा चांगुलपणा म्हणत आलो, त्यातला परका मी कितपत होतो? भाषा त्यांची, चेहरामोहरा त्यांच्यातलाच, खांद्याला कॉलेजची पिशवी, आणि पुरुष.

हे शेवटचं माझ्या बहिणीनं जोडलेलं. या गोष्टी मी रंगात येऊन सांगू लागलो की ती ऐकून घेते आणि मग एकच विचारते, ‘मी उभी असते तर?’ मी तिला एकदा आत्याची म्हणच ऐकवली. वर सांगितलं, की पोलिसांच्या नोंदींत बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीतलाच असतो, अनोळखी फार थोडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात. ती म्हणाली, ‘असेल. पण रात्री नाक्यावर आकडे उभे नसतात, मी उभी असते.’ यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

ही म्हण जिथं पार उताणी पडते अशी एक वाट मला माहीत आहे, नर्मदेच्या परिक्रमेची. मी ती चाललेलो नाही. चालून आलेल्यांच्या मात्र मी फार मागं लागतो, आणि मराठी घरांत असे लोक शोधावे लागत नाहीत. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचं, तिचं पात्र ओलांडायचं नाही. जुन्या रिवाजानं ही फेरी तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांची. गाठीला पैसा ठेवायचा नाही, शिधाही साठवायचा नाही, मिळेल ते खायचं. वाटेवर सदावर्त असतात. डाळ, तांदूळ, पीठ, मीठ मिळतं, ते तीन दगडांवर शिजवून घ्यायचं. शिधा कोरडा देण्यामागं कुणी कुणाच्या हातचं खायचं हा जातीचा हिशेबही असणारच, तो विसरून चालणार नाही. पण देणारा विचारत काही नाही. ‘नर्मदे हर’ म्हटलं की पुरतं.

आणि याच वाटेवर शूलपाणीची झाडी लागते. तिथं भिल्ल परिक्रमावासींना लुटत. घोंगडी, भांडी, कपडे, सगळं. अंगावर लंगोटी राहिली तर राहिली. जुन्या परिक्रमावासींच्या वर्णनांत हे लुटणं येतंच, आणि चकित करणारी गोष्ट अशी, की ते लुटणाऱ्यांना ‘मामा’ म्हणतात. नर्मदा आई, मग तिच्या काठचे हे मामा. लुटलं जाणं हा परिक्रमेचाच भाग, अंगावर उरलंसुरलं ‘माझं’ उतरवून घेण्याचा. लुटला गेलेला माणूस पुढच्या पाड्यावर पोहोचला की तिथं त्याला भाकर मिळे. ती देणारेही भिल्लच.

मी इथं पुनःपुन्हा येऊन थांबतो. अंगावर चालून येणाऱ्या परक्याला ‘मामा’ म्हणणं म्हणजे त्याला ओळखीचा करून घेणं. म्हणीच्या हिशेबानं आता जीवच जायला हवा. पण मामा जीव घेत नाही, कपडे घेतो. मग नातं लावल्यामुळं माणूस वाचतो की नातं लावल्यामुळं लुटला जातो? की हे सगळं लुटल्या गेलेल्यांनी मागाहून रचलेलं, अपमान सोसता यावा म्हणून? मामांची बाजू कुणी लिहून ठेवलेली माझ्या वाचनात नाही. त्यांच्या लेखी हे कदाचित रानातून जाणाऱ्यांकडून घेतलेली साधी जकात असेल, आणि त्यात आध्यात्मिक असं काहीच नसेल.

कोण कुणाला लुटतं याचा हिशेब पुढं तर आणखी बिघडला. सरदार सरोवराचं पाणी चढलं, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ बुडालं, काठची झाडी बुडाली. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि धडगावकडची 33 गावं त्या बुडितात आली. मणिबेली त्यांतलं पहिलं. लंगोटीवर सोडून देण्याचा हा प्रकार एखाद्या घोंगडीपुरता नव्हता, आणि लुटणाऱ्याला मामा म्हणण्याची सोयही नव्हती, कारण समोर माणूस नव्हता, नोटीस होती. तरी आजही काठाकाठानं आणि डोंगरातून जाणाऱ्या परिक्रमावासींना त्या भागातल्या पाड्यांवर चहा मिळतो, रात्री अंग टाकायला जागा मिळते. जाऊन आलेले सगळे हेच सांगतात. का देतात, हे त्यांना नीट सांगता येत नाही. ‘तिथली माणसंच तशी’ म्हणतात. हे उत्तर मला कधीच पटत नाही. माणसं कुठंही ‘तशी’ नसतात.

एक शंका मात्र त्या सदावर्तानं मनात घातली. तिथं देणारा समोरच्या माणसाला देत नाही, परिक्रमावासीला देतो. त्याच्या जागी दुसरा असता तर त्यालाही तेच पीठ मिळालं असतं. आंबा घाटातही तेच असेल का? थांबलेली गाडी माझ्यासाठी थांबली नव्हती, हात करणाऱ्यासाठी थांबली होती. मग इतकी वर्षं मी मनात बाळगलेली कृतज्ञता कुणाच्या पत्त्यावर पाठवायची? आणि गाडी जर कुणाहीसाठी थांबत असेल, तर मघाच्या आडनावाचं काय करायचं, बहिणीच्या प्रश्नाचं काय करायचं? ‘कुणीही’मध्ये सगळे बसत नव्हते, एवढं नक्की. पण बसत नव्हते म्हणून जे मिळालं ते खोटं होतं, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

माझा पुतण्या पुण्याहून कोल्हापूरला मोबाइलवर गाडी ठरवून येतो. चालकाचं नाव, फोटो, आधी बसलेल्यांनी दिलेल्या चांदण्या, सगळं बसायच्या आधी कळतं. ‘गप्पा आवडतात की नाही’ तेसुद्धा. पेट्रोलचा वाटा ठरलेला, उपकार कुणाचा नाही. मी हेटाळणीनं काही बोललो तर तो म्हणाला, ‘काका, आता ताईसुद्धा अशीच येते.’ मला गप्प बसावं लागलं. त्याच्या हिशेबात ओळखीचाच बरा. आत्या असती तर तिनं तोंड वाकडं केलं असतं, पण बहीण बहुधा पुतण्याच्या बाजूनं उभी राहिली असती.

2021 च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. गाडीच नाही म्हटल्यावर आमच्याकडं शाळेची पोरं पुन्हा रस्त्यावर हात करून उभी राहिली. टेम्पोवाले, दूधवाले, मोटारसायकलवाले त्यांना उचलून न्यायचे. संप मिटला आणि हात खाली आले. आता आमचा रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता चौपदरी होतो आहे. गाड्या वेगानं जातील, घाटात कुणी ताटकळणार नाही, आणि ते चांगलंच आहे. चौपदरीवर मधेच गाडी थांबवणं धोक्याचं असतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर पायी माणसाला यायलाच बंदी आहे.