एका चुलीवरचे दोन हिशेब

खारबावहून वसई-दिवा गाडीने भिवंडीला जायचं आणि संध्याकाळी परतायचं, असा माझा बावीस वर्षांचा क्रम. यंत्रमागवाले, गोदामांत नोकरी करणारे, गाळे भाड्याने देणारे यांची रिटर्न भरण्यात वर्ष सरतं. गेल्या जुलैत गावातलीच एक जोडी आली. दोघांनी साठी ओलांडलेली. तो विधुर, निवृत्त. ती विधवा, नवऱ्यामागे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावर जगणारी. पुनर्विवाह केला तर ते बंद होईल, म्हणून लग्न केलं नाही, पण संसार एकच. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी २०१२ साली मंडळ काढलं, तेव्हा आमच्याकडे ती नवलाईची बातमी होती.

ती दरमहा त्याच्या खात्यात १२,००० रुपये पाठवते. त्याने पासबुक पुढे केलं. ‘साहेब, हे माझं उत्पन्न धरायचं का?’

मी विचारलं, ‘पैसे जातात कुठे?’ या प्रकरणात सगळं त्या उत्तरावर ठरतं. तिने पिशवीतून वही काढली. किराणा, गॅस, विजेचं बिल, दूध यांवर तिच्या वाट्याचे महिना ७,०००. उरलेले ५,००० त्याच्या घरकर्जाच्या हप्त्यात.

किराण्याचे ७,००० हे उत्पन्न नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दोघं जेवतात, दोघं खर्च वाटून घेतात. त्याच्या हाती शिल्लक काहीच राहत नाही. तिने राहण्याबद्दल ठरलेली रक्कम दिली असती, तर ते भाडं झालं असतं आणि त्याला ते घरापासूनचं उत्पन्न म्हणून दाखवावं लागलं असतं, ३० टक्के प्रमाणित वजावट घेऊन.

हप्त्याची गोष्ट निराळी. घर त्याच्या एकट्याच्या नावावर, कर्जही त्याचं. म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये मोबदल्याविना त्याला मिळाले. १९६१च्या कायद्याचं कलम ५६(२)(एक्स) सांगतं की नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० पेक्षा जास्त भेट आली, तर सगळी रक्कम करपात्र. वरचे १०,००० नव्हे, पूर्ण ६०,०००. नातेवाइकांच्या यादीत नवरा-बायको आहेत, भावंडं आहेत, मेहुणे आहेत. एका चुलीवर जेवणारा जोडीदार नाही. २०२५चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला, कलमांचे आकडे बदलले, पण या यादीत त्याला जागा मिळाली नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने विवाहसदृश नातं ओळखलं. प्राप्तिकराच्या लेखी मात्र ही दोघं आजही परकीच आहेत, आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

त्याला प्रत्यक्षात कर लागला नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तरी रक्कम दाखवायलाच हवी होती. ती आम्ही ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ या रकान्यात दाखवली. ‘मागच्या तारखेचा उसनवारीचा कागद करू या का?’ असं त्याने हळूच विचारलं. मी नाही म्हणालो. उसनं असतं तर ते पहिल्या दिवशीच लिहायला हवं होतं.

तो समाधानाने उठू लागला. मी त्याला बसवलं, कारण माझं लक्ष तिच्याकडे होतं. चार वर्षांत तिचे २,४०,००० रुपये त्या घरात गेले होते. जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट मिळते ती घरमालकाला. मालकी नाही म्हणून तिला तीही नाही. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात ती वारस नाही. घर मुलांचं होईल आणि ती पिशवी घेऊन बाहेर पडेल. माझ्या कामात मी हे दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा बाई गप्प होती आणि माझ्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता.

‘अर्धं घर आत्ताच तिच्या नावावर करतो,’ तो म्हणाला. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोला किंवा मुलांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. जोडीदाराला ती सवलत नाही, नेहमीच्या दराने शुल्क. वर त्या अर्ध्या घराचं मुद्रांक मूल्य तिच्या उत्पन्नात. एवढा भार तिच्या निवृत्तिवेतनाला पेलणारा नव्हता.

मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर मात्र हा कर नाही, देणारा कोणीही असो. म्हणून आम्ही तो रस्ता धरला. त्याने मृत्युपत्र लिहिलं, तिला घरात हयातभर राहण्याचा हक्क दिला, दोन साक्षीदारांसमोर सही केली. मुलांना बोलावून आधी सांगायला मी त्याला भाग पाडलं. थोरला दोन दिवस बोलला नाही, मग स्वतःच वकिलाचा पत्ता घेऊन आला.

हप्ता आता तो एकटाच भरतो. तिचे ५,००० तिच्याच खात्यात राहतात. दिवाळीच्या आधी तिने त्यातून फ्रिज घेतला आणि बिल माझ्याकडे दाखवायला आणलं. बिलावर नाव तिचं होतं.