दादीची हमेल

दादीच्या गळ्यातल्या हाराला घरात हमेल म्हणत. चांदीचे जुने रुपये, प्रत्येकाला डाग देऊन बसवलेली कडी, पटवेकऱ्याने लाल रेशमी गोफात केलेली ओवणी आणि मधोमध चौकोनी चांदीचा ताईत. शब्द मूळचा अरबी. गळ्यात अडकवायच्या लहानशा कुरआनला हमाइल शरीफ म्हणतात, तोच हा. लुगड्याच्या पदरावर ती छातीभर रुळायची. नमाजच्या वेळी मात्र दादी ती काढून उशाखाली ठेवायची, कारण नाण्यांवर राजाराणीची तोंडं!

पुढे एका पुस्तकात मोरोक्कोतल्या बर्बर बायकांच्या हारांचे फोटो पाहिले आणि दादी डोळ्यांसमोर उभी राहिली. पोवळी, मोठाले मणी, मध्येमध्ये नाणी, आणि सगळं चांदीत. तिथे तिझनित गावचं चांदीकाम नावाजलेलं आहे. त्या बायकांचाही हार म्हणजे अंगावर बाळगलेली पुंजी. दादीने मोरोक्कोचं नावही ऐकलं नसेल, पण ती म्हणायची, "ये मेरे मेहर का माल है, तुम्हारे दादा का नहीं."

मेहरचे 21 रुपये होते. एक रुपया म्हणजे एक तोळा, त्यामुळे रमजानात जकातीचा हिशेब सोपा. हसळी आणि तोडे धरून साडेबावन्न तोळे भरतात का, ते ती बोटांवर मोजायची. (आमच्या शाळेतल्या कोकणी बाई शाफई. त्यांच्याकडे वापरातल्या दागिन्यावर जकात नाही. आम्ही हनफी, आमच्याकडे आहे.) 1972 च्या दुष्काळात तिने स्वतःच्या हाताने नऊ रुपये सोडून शिरूरच्या सराफाला दिले. दादांनी मागितले नव्हते. उरले बारा.

अब्बा रेल्वेत, म्हणून आम्ही दौंडचे. दादी गेल्यावर हमेल अम्मीच्या पेटीत आली. आधी अब्बा गेले, गेल्या वर्षी अम्मीही. चाळिसाव्यानंतर भाईजान म्हणाले, "हमेल आपल्या मुन्नीच्या लग्नाला ठेवू." आपा गप्प. वर्गात अपूर्णांक शिकवताना आमची जीभ कधी अडखळत नाही, पण भावासमोर हिस्सा हा शब्द उच्चारायला दोन दिवस लागले. भाईजान रागावले. "चार तोळे चांदीसाठी?" आम्ही म्हणालो, "चांदी किती, हा प्रश्नच नाही."

शेवटी तिघं कागद घेऊन बसलो. सूरह निसाप्रमाणे भावाचे दोन, बहिणीचा एक. वारस लिहायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला हात थांबला. दादीला मुलं दोन होती. अब्बा आणि शिरूरची फुफी. बारांतले चार रुपये फुफीचे. इतकी वर्षं तिला कोणी विचारलं नव्हतं. अब्बांनी नाही, अम्मीने नाही. हिस्सा मागायला निघालेल्या आम्हीसुद्धा नाही. भाईजान बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले.

हिशेब विचित्र सरळ निघाला. अब्बांचे आठ, त्यातला आठवा भाग अम्मीचा म्हणजे बरोबर एक रुपया, आणि तोही पुन्हा आम्हा मुलांतच वाटायचा. भाईजानचे चार, आमचे दोघींचे दोन-दोन. सोनाराने कसावर घासून सांगितलं, यातले तीन 1940 नंतरचे, त्यांत चांदी निम्मीच. बाकीच्यांत बारा भागांतले अकरा. कड्या डागलेल्या असल्याने नाणी जमवणारे जास्त देणार नाहीत, नुसतं वजन धरा. भाईजाननी काही न बोलता ते तीन आपल्या बाजूला ओढले.

चौफुला, न्हावरा करत आम्ही तिघं शिरूरला गेलो. फुफी आता पंच्याहत्तरीची. रुमाल उघडून चार रुपये तिच्यापुढे ठेवले. "अब मैं इसका क्या करूं?" असं म्हणाली खरी, पण एकेक उचलून खिडकीच्या उजेडात पाहिला, मोजले आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. आम्ही माफी मागू लागलो, तेवढ्यात तिने विचारलं, "और तावीज?"

ताईत आम्ही कागदावर मांडलाच नव्हता. तो भाईजानच्या खिशात होता. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आपाने मान हलवली, आम्हीही. फुफीने तो उघडला नाही. डोळ्यांना लावला आणि चहाला आधण ठेवायला उठली.