उंदराची साक्ष

मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, ही म्हण बाभुळगावात कापसाच्या भावाची घासाघीस चालली असता दुबळ्याच्या बाजूने पुष्कळदा उच्चारली जाते. परंतु अपस्मारावरील औषधांचा इतिहास वाचू लागल्यापासून ती मला निराळ्याच अर्थाने छळते आहे.

म्हणीत खेळणारा एक आणि मरणारा दुसरा, अशी पक्की वाटणी आहे. प्रयोगशाळेत ती टिकत नाही. १९३७ साली बोस्टनमध्ये पटनम आणि मेरिट या संशोधकांनी विजेच्या धक्क्याने आकडी आणवून फेनिटॉइन या औषधाचा गुण पारखला, तो मांजरांवर. म्हणजे म्हणीतले खेळणारे मांजरच तेथे उंदराच्या जागी बसले. आणि पारखणारेही खेळत नव्हते. त्यांच्यासमोर आकडीने वारंवार कोसळणारी माणसे होती. मग खेळ कोणाचा? हा प्रश्न मला सुटत नाही आणि सोडतही नाही.

पुढे कित्येक दशके निरोगी उंदराला विजेचा झटका देऊन, अथवा पेंटिलीनटेट्राझॉल टोचून, आधी दिलेल्या औषधाने आकडी अडते का हे पाहण्याची रीत रूढ झाली. या दोन्ही कसोट्यांत लेव्हेटिरॅसिटॅम हे औषध अनुत्तीर्ण ठरले. ज्या प्राण्यांत मोठ्या आवाजाने आकडी उद्भवे, किंवा मेंदूला पुनःपुन्हा सौम्य विद्युत-उत्तेजन देऊन ज्यांच्या अंगी ती जडवली होती, त्यांच्यात मात्र त्याचा गुण प्रकटला, आणि आज ते जगभर दिले जाते. निरोगी जिवाला क्षणभर आजारी करून घेतलेली साक्ष आणि आजारातच जगणाऱ्या जिवाची साक्ष यांत इतके अंतर असेल, तर चुकीच्या साक्षीदाराच्या भरवशावर किती गुणकारी द्रव्ये टाकून दिली गेली असतील, आणि त्या निरर्थक साक्षीसाठी किती जीव गेले असतील?

१९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे १४वे कलम जीव वाचवणाऱ्या अथवा दुःख हलके करणाऱ्या ज्ञानासाठी अशा प्रयोगांना मुभा देते. मुभेला हेतूची अट आहे. पण मिळालेले ज्ञान दुःखितापर्यंत पोचवण्याची जबाबदारी त्या कलमाने कोणावर टाकलेली नाही.

येथे माझे मन औषध सोडून विषाकडे वळते, कारण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ते अधिक जवळचे आहे. फवारणीच्या डब्यावर जो चौकोन असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग हा चाचणीतील निम्मे प्राणी, बहुधा उंदीर, दगावतील अशा मात्रेवरून ठरतो. म्हणजे तो रंग ही मेलेल्या उंदरांनी दिलेली लेखी साक्षच होय. तरीही २०१७च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना याच जिल्ह्यात शेकडो लोक विषबाधेने दवाखान्यात दाखल झाले आणि सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन उघड्या तोंडाने शिरणाऱ्या मजुराला त्या त्रिकोणाचा अर्थ कोणी सांगितला होता? ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील विष अंगात फार भिनले तर माणसाला आकडी येते. तीच आकडी, जी थोपवण्यासाठी दुसऱ्या कोठल्या तरी प्रयोगशाळेत दुसरे उंदीर खर्ची पडत होते.

फेनिटॉइन येऊन आठ दशके उलटली, तरी आकडी आलेल्याच्या नाकाशी वहाण धरली जाते. तेव्हा वाटते की पाप जीव घेण्यात कमी आणि त्याची साक्ष वाया घालवण्यात अधिक असावे. परंतु साक्ष प्रत्येक घरी पोचली असती, तर जीव घेणे न्याय्य ठरले असते काय? की दुसऱ्या पापाचा हा मोठा हिशेब मी पहिल्याकडे पाहावे लागू नये म्हणूनच मांडीत आहे? लिहावयास बसलो तेव्हा निदान उंदीर कोण, एवढे तरी मला ठाऊक आहे असे वाटत होते. आता तेही खात्रीने सांगता येत नाही.