अंगठा

वारजे १९९७ साली पुणे महापालिकेत गेलं. त्याआधी ते गाव होतं, आमचं. मुठेच्या अंगाला आमचं दीड एकर रान. कोथिंबीर, मेथी निघायची आणि पहाटे मंडईत जायची. पालिका आली तसे जमिनीचे भाव चढले, रानारानांत इमारती उठल्या. आमचंही रान गेलं.

मी तोवर चित्रं विकून बरं कमवायला लागलो होतो. बैलजोडी, मोट, कडब्याची गंजी. गंमत बघा, ज्या मातीत हे सगळं होतं तिथंच उठलेल्या फ्लॅटांतली माणसं ही चित्रं हौसेनं भिंतीवर लावायची. पैसे यायचे, पण हिरवा रंग लावताना हात नुसता सवयीनं फिरायचा.

मग सुधीर पटवर्धनांची चित्रं पाहिली. पुण्यात जन्मलेला, ठाण्यात डॉक्टरकी करणारा हा चित्रकार लोकलमधली, इराण्याच्या हॉटेलातली माणसं आहेत तशीच रंगवत होता. कुणाला नटवणं नाही. मी खजील झालो. माझ्याकडं रंगवण्यासारखं एकच होतं, आणि तेच मी टाळत होतो.

खरेदीखताच्या दिवशी अण्णांचा हात थरथरत होता. तो धरून शाईचा अंगठा कागदावर टेकवला तो मी. विकायचा धोशाही माझाच.

त्या चित्राला आठ महिने लागले. तीनदा माझा हात पुसून तिथं कारकुनाचा काढला. तिन्ही वेळा चित्र मेलं. शेवटी माझाच ठेवला, बोटातल्या अंगठीसकट.

बालगंधर्व कलादालनात ते लावलं तेव्हा भावकीतला एकजण म्हणाला, "घरातलं असं चारचौघांत मांडत्यात व्हय?" नेहमीची गिऱ्हाइकं बैलजोडी विचारून निघून गेली.

शेवटच्या दिवशी अण्णा आले. टोपी काढून हातात धरली, बराच वेळ उभे राहिले. माझ्या पोटात गोळा.

"शाई आणखी निळी पायजे," ते म्हणाले. "चार दिवस नखातनं निघंना. जेवताना दिसायची."

चित्र घरी आणल्यावर त्या नखाच्या कडेनं निळ्याची बारीक रेघ ओढली. अण्णा शेजारीच बसले होते. "आता बरोबर," म्हणाले.

अंगठा धरणाऱ्या हाताबद्दल मात्र ते कधीच काही बोलले नाहीत.