ताळा

भूमापनाच्या प्राथमिक गणितात बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि थोडी त्रिकोणमिती यांपलीकडे फारसे काही नसते. तरीही ते बिनचूक करायला शिकण्यास बराच काळ लागतो, कारण येथे प्रत्येक आकड्यामागे एक एकक उभे असते आणि चुकलेल्या एककाची किंमत शेवटी कोणाच्या तरी बांधाला मोजावी लागते. मुंबई इलाख्यात 1830च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी हाती घेतली, तीही प्रिंगल यांच्या आधीच्या मोजणीतील आकडे सदोष ठरल्यामुळेच.

महाराष्ट्रातील जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची असून तिचे 16 आणे पाडलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे गुंठा, अर्थात 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. शेतातून मुख्य रेषा टाकून, शंकूने, म्हणजे काटकोन साधणाऱ्या साध्या उपकरणाने, बांधाच्या प्रत्येक वळणाचा तिच्यावर लंब काढला जाई, ही मापे टिपणात उतरवली जात आणि सुटे त्रिकोण व समलंब चौकोन यांच्या बेरजेतून क्षेत्र निघे. नवशिका हमखास अडखळतो तो येथे, कारण लांबीच्या सोळाव्या भागालाही आणा म्हणतात आणि गुंठ्याच्या सोळाव्या भागालाही आणाच म्हणतात. पाया 4 साखळ्या 8 आणे आणि लंब 2 साखळ्या 4 आणे असलेला त्रिकोण घेतला, तर साखळीला साखळीने गुणून 8 गुंठे मिळतात, साखळी आणि आणे यांच्या दोन गुणाकारांतून प्रत्येकी 16 आणे, म्हणजे आणखी 2 गुंठे येतात. मात्र 8 आण्यांना 4 आण्यांनी गुणल्यावर येणारे 32 हे क्षेत्राचे आणे नसून आण्याचे सोळावे भाग असतात, म्हणजे अवघे 2 आणे. एकूण 10 गुंठे 2 आणे, त्याचे निम्मे 5 गुंठे 1 आणा. ते 32 तसेच आणे म्हणून धरले की उत्तर 6 गुंठे येते आणि 15 आणे जमीन केवळ कागदावर जन्मते.

अशा वेळी तेच गणित त्याच वाटेने पुन्हा करणे जवळजवळ निरर्थक असते, कारण पहिली गैरसमजूत दुसऱ्या वेळीही तितक्याच सहजपणे डोके वर काढते. ताळा वेगळ्या वाटेनेच घ्यावा लागतो: वरील मापे फुटांत आणली की 148.5 आणि 74.25 यांच्या गुणाकाराचे निम्मे 5,513.0625 चौरस फूट येते आणि त्याला 1,089 ने भागले की 5.0625 गुंठे, म्हणजे नेमके 5 गुंठे 1 आणा मिळतात.

ताळ्याला मर्यादाही असतात, आणि त्या ओळखणे हा या शिक्षणाचा अधिक अवघड भाग होय. तलमापनात, म्हणजे बिंदूंची सापेक्ष उंची काढताना, 100.000 मीटर उंचीच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेवरून, निघून मागील वाचने 1.425 व 0.860 आणि पुढील वाचने 2.310 व 1.215 आली, तर शेवटच्या बिंदूची उंची 98.760 येते, वाचनांच्या दोन्ही बेरजांतील फरक आणि पहिल्या व शेवटच्या उंचीतील फरक, दोन्ही उणे 1.240 भरतात. हे जुळणे केवळ वहीतील अंकगणिताची ग्वाही देते. स्टाफवरचे, म्हणजे बिंदूवर उभ्या धरलेल्या मोजपट्टीवरचे, 1.315 हे 1.215 असे वाचले गेले असेल, तरी ताळा तितक्याच निमूटपणे जुळतो; ती चूक उघड होते ती मोजणी पुन्हा बेंचमार्कवर आणून मिटवल्यावरच. उपकरणाच्या उंचीवरून गणित करण्याच्या पद्धतीत तर मधल्या बिंदूंची वाचने या ताळ्यात येतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या वजाबाकीतील चूक बिनबोभाट राहते. चढ-उताराच्या पद्धतीत मात्र प्रत्येक बिंदूचा लगतच्या बिंदूशी फरक मांडावा लागत असल्याने मधली वजाबाकीही तपासणीखाली येते. ही पद्धत अधिक वेळ घेते, तरी शिकणाऱ्याने आरंभी तिच्यावरच हात बसवावा आणि चुकलेला आकडा रबराने न पुसता त्यावर एकच रेघ मारून योग्य आकडा वर लिहावा, म्हणजे पुढे वही तपासणाऱ्याला मूळ वाचनही दिसत राहते.