हरिपाठाशेजारची डबी



आमच्या देवघरात हरिपाठाच्या पोथीशेजारी एक पितळी डबी असते. पूर्वी तिच्यात बुक्का असे, आता रक्तदाबाच्या गोळ्या असतात. नवीन सूनबाईंनी एकदा विचारले, "मामंजी, देवाजवळ औषध कशाला?" त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर मोठे आहे, आणि त्यात माझ्या एका अपराधाची कबुली आहे. चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभे राहून लोकांना त्यांच्या चुका सांगितल्या. आता ७६ वय झाले, आवाज बसला, कीर्तनसेवा थांबली. आपली एक चूक सांगायला आता हरकत नसावी.

मी ५८ वर्षांचा असतानाची गोष्ट. आषाढीच्या वारीत सासवडच्या मुक्कामी पायाचे फोड दाखवायला तपासणीच्या तंबूत गेलो. तिथल्या डॉक्टर मुलीने पायाला मलम लावले आणि सहज म्हणून दंडाला पट्टा बांधला. आकडा आला १७८/१०४. थोडा वेळ शांत बसवून तिने पुन्हा मोजले, तरी तेवढाच. मी म्हणालो, "ताई, यंत्र बिघडले असेल. मला काहीच होत नाही. काल दिवेघाट अभंग म्हणत चढलो." ती म्हणाली, "महाराज, या दुखण्याचे हेच वाईट आहे. बहुतेकांना ते काहीच कळू देत नाही." मग तिने समजावले. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांमध्ये ते विसावते तेव्हाचा खालचा. साधारण १२०/८० च्या आत असावा. पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त येऊ लागला तर तो आजार समजावा. असा ताण वर्षानुवर्षे राहिला की हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळे यांना इजा होते.

वारीहून आल्यावर गोळी सुरू झाली. तीन महिन्यांत आकडा खाली आला. आकडा खाली आला म्हणजे आजार गेला, असे मी समजलो आणि गोळी सोडली. एवढ्यावर थांबलो असतो तरी नुकसान माझ्यापुरते होते. पण एका सप्ताहात नाममाहात्म्य सांगताना आवेश चढला आणि मी बोलून गेलो, "ज्याच्या मुखी नाम आहे त्याला कसली गोळी आणि कसला दवाखाना? हा पाहा, मी सोडली!" मंडपात विठ्ठलनामाचा गजर झाला. मला धन्यता वाटली.

माझ्या बाजूला आमचे मृदंगी उभे होते. पंचवीस वर्षांची आमची सोबत. त्यांनाही त्याच वर्षी गोळी लागली होती. त्यांनी त्या रात्रीपासून ती बंद केली आणि मला सांगितलेही नाही. बुवांच्या शब्दानंतर विचारायचे काय राहिले? पुढच्या कार्तिकात काकड्याला निघताना उंबऱ्यातच त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले.

जीव वाचला, डावा हात गेला. मृदंगाच्या धुम्याला कणीक लावून घुमवणारा तो हात पांघरुणावर निपचित पडलेला मी पाहिला. त्यांच्या घरातून एवढेच म्हणाल्या, "बुवा, तुम्हीच म्हणाला होता ना, नाम असल्यावर गोळी नको?" बोलण्यात राग नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या. मला उत्तर सुचले नाही. त्याच दवाखान्यात मी माझा रक्तदाब मोजून घेतला, तर १८६/१०८. त्यांच्या जागी मी असायचो, एवढाच त्याचा अर्थ.

त्यानंतर कित्येक दिवस पोथी उघडली की सहावा अध्याय समोर येई. फार खाणारा आणि मुळीच न खाणारा, फार झोपणारा आणि सतत जागणारा, या कोणालाच योग साधत नाही, हा तिथला सिद्धांत. आहार, विहार, कर्म, झोप, जागृती या सर्वांना भगवंतांनी मोजमाप लावून दिले आहे. त्यावरचे माउलींचे विवरण मी शेकडो वेळा सांगितले असेन. आणि माझे वागणे कसे होते? रात्री अकराला कीर्तन संपायचे, बाराला यजमानांकडे पंगत, पापड-लोणचे-ठेच्यासह भरपेट जेवण, दोनला झोप, पहाटे पुढच्या गावची एस.टी., आणि दिवसभरात दहा-बारा कप चहा. सिद्धांत श्रोत्यांना दिला आणि स्वतःसाठी काहीच ठेवला नाही. नाम भवरोगावरचे औषध आहे यात मला आजही शंका नाही. पण संतांनी देहाला परमार्थाचे साधन म्हटले आहे, आणि साधन नीट राखणे हे साधकाचे काम. ते देवावर ढकलणे म्हणजे श्रद्धा, असे मी समजत होतो. तो आळस होता.

वारकऱ्याला नेम नवा नाही. माळ, एकादशी, हरिपाठ, वारी, सगळा नेमच. म्हणून मी या दुखण्यालाही नेमात बसवले. गेली सतरा वर्षे जे पाळतो ते सांगतो.

पहिला नेम मिठाचा. मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. त्यात भाजी-आमटीतले, लोणच्यातले, फरसाणातले, पावा-बिस्किटातले सगळे आले. आमच्याकडे ताटात मीठ वाढणे बंद झाले. भाकरीच्या पिठातले मीठ गेले. लोणचे-पापड सणावारापुरते उरले. पहिले काही आठवडे सारे अळणी लागले, सौभाग्यवतींवर दोनदा चिडलोही. मग लिंबू, कोकम, लसूण, जिरे, कोथिंबीर यांची चव लागू लागली. आता बाहेरचेच खारट लागते. एकादशीचे सैंधव चालते अशी पुष्कळांची समजूत आहे. उपवासाला ते चालते, रक्तदाबाला ते मीठच. शिवाय खारे वेफर्स, तळलेला चिवडा आणि दोन वेळा खिचडी, अशी "एकादशी आणि दुप्पट खाशी" झाली तर देहाला उपवास घडतच नाही. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकते. डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

दुसरा नेम पायांचा. वर्षातून एकदा आळंदीहून पंढरपूर गाठतो म्हणून उरलेले अकरा महिने ओट्यावर बसायचे, हे बरोबर नाही. देहाला रोजची वारी लागते. मी पहाटे अर्धा तास चालतो, वेशीपासून मारुतीपर्यंत आणि परत. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत वेग ठेवतो. दोन वर्षांत सहा किलो वजन उतरले, त्याचाही गुण आला.

तिसरा नेम सांगताना कोणाला राग आला तर क्षमा करावी. माळ घातली की मांस आणि मद्य सुटते, पण तंबाखूची पुडी कनवटीला राहते आणि मशेरी कोनाड्यात राहते. मीही तीस वर्षे तंबाखू मळली. तोंडात गेल्यावर थोड्याच वेळात ती नाडीचा वेग आणि रक्ताचा दाब वाढवते, रक्तवाहिन्याही बिघडवते. मृदंगींच्या खाटेजवळ मी पुडी टाकली, ती पुन्हा उचलली नाही.

चौथा नेम झोपेचा आणि रागाचा. रात्री आठच्या आत जेवण, दहाला अंथरूण. रागाचे मात्र अजून पूर्ण साधलेले नाही. टाळकरी चुकला की कपाळाची शीर उडायची, ती सवय घरातही आली आहे. राग आला की मी उठून बाहेर जातो आणि सावकाश श्वास सोडत नाम घेतो. नाम इथे उपयोगी पडते. फक्त ते गोळीच्या जागी नाही, गोळीबरोबर आहे.

आणि पाचवा नेम गोळीचा. पहाटे हरिपाठ, मग गोळी. बरे वाटते म्हणून सोडायची नाही. ती घेतो म्हणून बरे वाटते. कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनी. आठवड्यातून एकदा घरी मोजतो. त्याआधी अर्धा तास चहा नाही, पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसायचे, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि मोजताना बोलायचे नाही. आकडा वहीत तारखेसह लिहितो. डॉक्टर ती वही आधी मागतात.

वारीला निघणाऱ्यांना एक विनंती. महिनाभर पुरेल इतकी गोळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पडशीत ठेवा. गुडघे दुखले की दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन रोज खाऊ नका. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडांना त्रास देतात. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर उन्हात चालण्याबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. दंडवत घातल्यावर एकदम उठू नका. आणि एकाएकी तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली किंवा छातीत दुखू लागले, तर अंगारा लावून वाट पाहू नका. तिथून थेट दवाखाना गाठा.

मृदंगी आज ७० वर्षांचे आहेत. काठी घेऊन रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येतात. डावा हात मांडीवर असतो. हरिपाठाला उजव्या हाताने ते लाकडी पाटावर ठेका धरतात, तोही अजून चुकत नाही. धुम्याची बाजू रिकामी राहते, ती मला रोज ऐकू येते.

त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. येतात, टेकतात, आणि हरिपाठाआधी विचारतात, "बुवा, सकाळची गोळी झाली का?" मी "झाली" म्हणतो आणि त्यांना विचारतो, "तुमची?" तेही "झाली" म्हणतात. मग आम्ही टाळ उचलतो.

रामकृष्ण हरी.